छातीवरचा हात

"दहा दिवसांनी परत या," एवढं सांगून डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या. मी टेबलावर तशीच पडून राहिले. पोटावरची थंडगार जेली पुसायची असते हेही मला सुचलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. तारखेप्रमाणे सात आठवडे होतात, पिशवी दिसते, पिशवीत काहीतरी आहे असंही दिसतं, पण ठोके दिसत नाहीत. कदाचित माझी दिवस मोजण्यात चूक झाली असेल. कदाचित नसेलही. जिवंत आहे की नाही ते आज सांगता येणार नाही.

मी राजधानीत, आर. के. पुरममधल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्याच आठवड्यात नववीच्या फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहून दिली होती: हालचाल, वाढ, श्वसन, पोषण आणि पुढची. ही यादी मी झोपेतसुद्धा म्हणू शकते. शाळेजवळच्या त्या क्लिनिकमधून बाहेर पडले आणि बसची वाट बघताना यादी मनात परत परत म्हणत राहिले. एकाही लक्षणापुढे बरोबरची खूण करता येईना.

ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी विक्रांतने, माझ्या नवऱ्याने, ऑफिसात पेढे वाटले होते. नवव्या आठवड्यात सगळं संपलं आणि पुढे दोन महिने त्याच्या ऑफिसातली माणसं फोनवर माझ्याशी खालच्या आवाजात बोलायची. दुसऱ्या वेळी फक्त घरात सांगितलं. तेही गेलं. तेव्हा विक्रांत जिन्यात बसून रडला आणि वर येऊन म्हणाला की डोळ्यात धूळ गेली. त्यामुळे या वेळी मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. सांगितलं की जातं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. जीवशास्त्राच्या बाईने असलं काही मानावं याची मला लाज वाटायची, पण लाजेने भीती थोडीच जाते.

सत्त्याण्णव साल होतं ते. आम्ही नुकतेच गुडगावात नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर राहायला आलो होतो. अठ्ठेचाळीस फ्लॅट आणि राहायला आलेली बिऱ्हाडं अकरा. खाली जिकडेतिकडे खणलेली जमीन, पलीकडे किकरची काटेरी झुडपं, त्यांत मोर ओरडायचे. वीज दिवसातून चारदा जायची आणि लिफ्टमध्ये कोण अडकलंय ते आम्ही हाकेवरून ओळखायचो. विक्रांतला मात्र हे सगळं फार आवडायचं. तो एका परदेशी कंपनीत लागला होता आणि बाल्कनीत उभा राहून खड्ड्यांकडे बोट दाखवत कुठे बाजार होणार, कुठे सिनेमा होणार ते सांगायचा. मला फक्त खड्डे दिसायचे.

घरात तिसरे माझे सासरे, राजाभाऊ; आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, सगळी हयात लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये काढलेले. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. बाबांचं सगळं काम फायलीसारखं, एक पायरी झाल्याशिवाय दुसरी नाही. गणपतीची पूजाही तशीच. भटजी बोलावत नसत. पोथीच्या समासात लाल पेन्सिलीच्या खुणा, एकेक उपचार झाला की पुढच्या खुणेवर बोट. मूर्ती शाडूचीच हवी. ती पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात यायची आणि तिथून बाबा ती स्वतः मांडीवर घेऊन बसने घरी आणायचे. विक्रांतची गाडी असतानाही बसने, कारण विक्रांत ब्रेक जोरात मारतो.

क्लिनिकमधून आल्याच्या तिसऱ्या दिवशी चतुर्थी होती. मी मोदकांची उकड काढून हात पुसत बाहेर आले तेव्हा बाबांची प्राणप्रतिष्ठा चालली होती. उजवा तळवा मूर्तीच्या छातीवर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मग दूर्वेच्या टोकाने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं. आता जपून वागायचं. आता ती नुसती मूर्ती नाही."

मला एकदम राग आला. मातीला पाच मिनिटांत जीव आला होता, त्याला कुणी दहा दिवस थांबायला सांगितलं नव्हतं. देवाचा असा राग येण्याची ती माझी पहिलीच वेळ. आरतीत मी टाळ्या वाजवल्या, पण तोंड मिटून.

त्या दिवसांत मला एकच आधार होता, मळमळीचा. सकाळी दात घासताना पोटात ढवळून आलं की मी बेसिनला धरून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, चला, आहे. नळ सोडून ठेवायचे म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. शाळेत प्रत्येक तासानंतर बाथरूममध्ये जाऊन रक्त दिसतंय का बघायचे. स्टाफरूममधल्या बायकांना वाटलं मला जुलाब होताहेत, आणि एकीने डब्यातलं ताक दिलं. तेही प्यायले. कुणाला काही न सांगता घाबरायचं म्हणजे केवढे कष्ट पडतात ते मला तेव्हा कळलं.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मळमळ नव्हती. मी दोनदा दात घासले. मुद्दाम कालच्या फोडणीचा वास घेतला. काही नाही. अगदी ठणठणीत वाटत होतं, चांगली भूकही लागली होती, आणि त्या भुकेने माझी पाचावर धारण बसली. दोन्ही वेळा असंच झालं होतं. आधी बरं वाटायला लागलं होतं, मग दोन दिवसांनी रक्त.

त्या दिवशी नववीच्या वर्गात कृतिका नावाच्या मुलीने विचारलं, "मॅम, सूखा चना ज़िंदा होता है या मरा हुआ?" मुलं हसली. तो डब्यात वर्षभर पडून असतो, हलत नाही, वाढत नाही, मग यादीत बसतो कुठे, असं तिचं म्हणणं. प्रश्न चांगला होता. मी म्हणाले की भिजत घालून बघ. ती म्हणाली की मॅम, आणि तोपर्यंत? भिजत घालेपर्यंत त्याला काय म्हणायचं? मी तिला खाली बस म्हणाले, आणि तेही जरा जोरातच. बिचारीचं तोंड उतरलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच मराठी घरांत अशी रीत आहे की घरातली सून किंवा लेक गरोदर असली तर गणपती बुडवत नाहीत. बाळंतपण होईपर्यंत मूर्ती घरातच ठेवतात, तिची रोज पूजा करतात, आणि मूल झाल्यावर पुढच्या वर्षी दोन गणपती एकदम पोचवतात. पुण्यात माझ्या मावशीकडे असा एक गणपती वर्षभर फ्रिजशेजारी बसला होता आणि आम्ही मुली त्यावरून खूप हसायचो. तेव्हा पोटात काही नव्हतं, म्हणून हसू यायचं.

आमचा गणपती पाच दिवसांचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी गाडीने ओखल्याला जाऊन यमुनेत विसर्जन, असं ठरलेलं. म्हणजे मी गप्प राहिले तर मूर्ती पाण्यात जाणार, आणि त्यानंतर माझं काही बरंवाईट झालं तर मी जन्मभर स्वतःला विचारत बसणार. बोलले तर सगळ्यांना कळणार, आणि कळलं की जातं. दोन्हीकडून अडकले होते. रीत खोटी आहे हे मला पक्कं माहीत होतं. ते माहीत असण्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता.

पाचव्या दिवशी मी अर्धी रजा घेऊन घरी आले. विक्रांतही लवकर आला होता. चारच्या सुमाराला बाबा उत्तरपूजेला बसले. मूर्तीच्या हातावर दही घातलं, दहीपोह्यांची शिदोरी बांधली, पोथीतल्या खुणांवरून बोट खाली सरकत गेलं. शेवटी त्यांनी मूर्तीवर अक्षता टाकल्या, दोन्ही हातांनी मूर्ती बोटभर उत्तरेला सरकवली. ती हलवली की प्राण गेला. मग तिला नेऊन पाण्यात सोडायची.

पण बाबांचं इथेच संपत नसे. दरवर्षी मूर्ती हलवल्यावर ते तिच्या छातीवर तळवा ठेवून बसायचे. पाच मिनिटं, कधी दहा. हे पोथीत कुठेही नाही. आम्ही चपला घालून दारात उभे आणि बाबांचा हात काही उठत नसे. कुणी विचारलं तर म्हणायचे, खात्री करून घेतो. विक्रांत त्यांना फार चिडवायचा. त्या दिवशीही गाडीची किल्ली बोटावर फिरवत तो मला म्हणाला, "चलो, बाबा बीपी घेतायत. रिपोर्ट येईपर्यंत चहा टाक यार."

मी चहा टाकायला वळले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले. इतके दिवस आवळून धरलेलं सगळं सुटलं.

"बाबा, विसर्जन नका करू," मी म्हणाले. "मला दिवस गेलेत."

किल्लीचा आवाज थांबला. विक्रांत माझ्याकडे असा बघत राहिला की मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. त्याला आनंद झाला होता, आणि आपल्याला सांगितलं नाही हेही त्याच क्षणी कळलं होतं. बाबांनी मान वळवली नाही. हात मूर्तीच्या छातीवर तसाच होता. त्यांनी किती आठवडे ते विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ठोके?"

"अजून दिसले नाहीत. चार दिवसांनी परत बघायचंय."

"अक्षता पडल्या," बाबा म्हणाले. "मी हलवली मूर्ती." आणि माझ्यादेखत त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी त्यांना सासूबाईंच्या तेराव्यालाही असं बघितलं नव्हतं. तेव्हा ते रडले होते. आता घाबरले होते.

त्यानंतरचे चार दिवस मला अजूनही आठवायला नको वाटतात. मूर्ती चौरंगावर तशीच, बोटभर तिरकी. सरळ करायची हिंमत कुणाला नव्हती. बाबा तिची आरती करेनात, कारण आरती कुणाची करायची? तिला उचलून आतही ठेवेनात. समईही लावेनात, आणि सगळं आवरूनही टाकेनात. पुण्याच्या एका गुरुजींना त्यांनी फोन लावला. गुरुजी हसून म्हणाले की त्यात काय, परत प्राणप्रतिष्ठा करून टाका. बाबांनी आभार मानून फोन ठेवला आणि पोथी उघडलीच नाही. विक्रांतने कारण विचारलं तर म्हणाले, "एकदा काढलेला प्राण परत घालणारा मी कोण?" आणि चौरंगासमोर खुर्ची ओढून बसले. पेपर वाचेनात, खाली फिरायला जाईनात. दर तासा-दोन तासांनी उठून मूर्तीच्या छातीवर हात ठेवायचे आणि परत खुर्चीत बसायचे.

विक्रांत माझ्याशी जपून बोलत होता. परक्या घरी पाहुणा आल्यावर बोलतो तसं, पाणी हवंय का, पंखा वाढवू का. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मळमळ परत आली नव्हती. मी भाजी चिरत असले तरी पोटात काय चाललंय तिकडे कान. पोटात काही चाललेलं ऐकू येत नाही हे मी मुलांना शिकवते.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी वीज गेली. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, आणि त्या शांततेत बाबा उठून परत मूर्तीपाशी गेले. मी आतून बघत होते. त्या क्षणी माझा तोल गेला. मी बाहेर येऊन म्हणाले की बाबा, पुरे करा हे. घरात प्रेत ठेवल्यासारखे बसलाय तुम्ही तीन दिवस. ती माती आहे. मला उद्या तपासणीला जायचंय आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत रोज बघताय की गेलं का, गेलं का. असं मी जवळजवळ ओरडूनच बोलले. सासऱ्यांशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. विक्रांत ऑफिसात होता, नाहीतर त्याने मला आवरलं असतं.

बाबा रागावले नाहीत. मला खुर्चीत बसायला सांगितलं आणि स्वतः खाली, चौरंगाला टेकून बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, ऑफिसात जुन्या फायलीतलं वाचून दाखवावं तशा आवाजात सांगितलं.

चौसष्ट सालची गोष्ट. लक्ष्मीबाई नगरात ते आणि सासूबाई दोघंच. सासूबाईंना चौथा महिना होता आणि त्या म्हणाल्या होत्या की यंदा गणपती बुडवायचा नाही. बाबा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, असल्या गोष्टींना हसणारे. त्यांनी मूर्ती नेऊन यमुनेत सोडली आणि येताना सासूबाईंना चिडवायला जिलबी आणली. फेब्रुवारीत मुलगी झाली. रडली नाही. सरकारी हॉस्पिटलातल्या नर्सने सांगितलं की मेलेलीच झाली, आणि एका टॉवेलमध्ये गुंडाळून ती बाबांच्या हातात दिली. एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पाण्यात सोडतात. ऑफिसातला श्रीरंग नावाचा मित्र बरोबर होता. यमुनेच्या निगमबोध घाटावर त्यांनी नाव केली. थंडी फार होती म्हणून बाबांनी मुलगी कोटाच्या आत, छातीशी धरली होती.

"मधोमध गेल्यावर मी तिला बाहेर काढलं," बाबा म्हणाले. "एकदा नीट बघावं म्हणून टॉवेलवरून छातीवर हात ठेवला. मृणाल, मला काहीतरी हललेलं लागलं. अगदी बारीक. मला वाटलं नाव हलतेय. मला वाटलं थंडीने माझाच हात कापतोय. मी श्रीरंगला विचारलं नाही. परत चला, डॉक्टरांना दाखवू, असं नावाड्याला म्हणालो नाही. नर्सने सांगितलं होतं ना, लिहूनही दिलं होतं. नावाडी म्हणाला, बाबूजी, छोड़िए. मी सोडलं."

वीज अजून आली नव्हती. खाली कुठेतरी कुणी जनरेटर चालू करायच्या खटपटीत होतं. बाबांनी सांगितलं की हे त्यांनी सासूबाईंना कधी सांगितलं नाही, विक्रांतला तर नाहीच. खरंच हललं होतं की नाही ते त्यांना आजही माहीत नाही. बत्तीस वर्षं रोज त्यांनी तो हात आठवून बघितलाय. कधी वाटतं नाव हलत होती, कधी वाटतं नव्हती.

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. इतके दिवस मला वाटत होतं की हे म्हातारपणाचं खूळ आहे.

दुसऱ्या दिवशी तिघंही आर. के. पुरमला गेलो. नको म्हटलं तरी बाबा आलेच. विक्रांतने एकदाही जोरात ब्रेक मारला नाही. क्लिनिकमध्ये बाबा बाहेर बाकावर बसले आणि आम्ही दोघं आत गेलो. तीन-चार ग्लास पाणी पिऊन पोट तटतटलं होतं. परत ती थंड जेली, परत ते पोटावरून फिरणारं यंत्र. पडदा डॉक्टरीणबाईंकडे वळवलेला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या, यंत्र दाबून, वाकडं करून. मग त्यांनी सावकाश हात थांबवला आणि मला कळलं.

त्या हिंदीत, समजावणीच्या सुरात बोलल्या. वाढ थोडी आहे, पण ठोके आजही नाहीत. दोन वेळा बघितलं. साडेआठ आठवड्यांना दिसायलाच हवेत. थांबण्यात अर्थ नाही, उलट त्रास होईल. उद्या सकाळी उपाशीपोटी आलात तर अर्ध्या तासात सगळं साफ करून देते, संध्याकाळी घरी. विक्रांतने माझा हात घट्ट धरला होता. तो म्हणाला, "ठीक है, डॉक्टर." कितीला यायचं तेही विचारलं. त्याचा दोष नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीही मान हलवली. यादीतलं शेवटचं लक्षणही खोडलं गेलं होतं आणि मला रडूही येत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा आत आले. बायकांच्या तपासणीच्या खोलीत असे परवानगीशिवाय येणारे ते गृहस्थ नव्हेत. नजर जमिनीकडे, टेबलापासून दूर, दाराची कड धरून उभे.

"डॉक्टर साहिबा, एक बार और देख लीजिए," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना ते आवडलं नाही. त्यांनी सांगितलं की दोनदा बघून झालंय, तुम्ही वडीलधारे आहात, मुलीला उगाच आशा लावू नका. बाबा तेच परत म्हणाले, तेवढ्याच आवाजात. विक्रांत म्हणाला की बाबा, प्लीज, चला बाहेर. बाबा हलले नाहीत. हात जोडून उभे राहिले आणि तिसऱ्यांदा म्हणाले. शेवटी डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या की एक नवीन प्रोब आलाय, आतून तपासायचा, त्याने जास्त स्पष्ट दिसतं, पण बायका नको म्हणतात म्हणून सहसा वापरत नाही. मी म्हणाले, वापरा.

दोघांना बाहेर काढलं. मी बाथरूमला जाऊन आले आणि परत टेबलावर चढले. दुखलं थोडं. मी छताकडे बघत होते. डॉक्टरीणबाई एकदम पुढे वाकल्या. त्यांनी बोटाने पडदा माझ्याकडे वळवला.

राखाडी धुरकट पिशवीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. दाण्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता. लुकलुकत होता, थांबल्यासारखा वाटायचा, परत लुकलुकायचा. डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला होता. दिवस मोजण्यातच चूक दिसतेय, म्हणाल्या, हे फार तर सात आठवड्यांचं आहे. ठोके जरा कमी पडताहेत, टिकेल की नाही ते आज सांगता येणार नाही, आठवड्याने परत बघू. पण आज आहे. उद्या सकाळी मी उपाशीपोटी इथे आले असते, हे माझ्या मनात आलं आणि मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. सात आठवड्यांत मला एवढी भीती वाटली नव्हती.

मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि दोघांनाही आत बोलवायला सांगितलं. विक्रांतने पडद्याकडे बघितलं, मग माझ्या कपाळाला कपाळ टेकवून हुंदके द्यायला लागला, आणि या वेळी धुळीचं नाव घेतलं नाही. मी त्याच्या खांद्यावरून बाबांकडे बघत होते. त्यांना हे दिसायलाच हवं होतं. त्यांनी विचारलं म्हणून ते होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद बघायला मी आसुसले होते.

बाबा पडद्यापाशी गेले, खिशातून चष्मा काढून घातला. ठिपका लुकलुकत होता. त्यांनी उजवा तळवा उचलून काचेवर ठेवला, मूर्तीवर ठेवायचे तसाच, अगदी हलका. बोटांच्या फटीतून तो ठिपका मला अजून दिसत होता.

बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी हात काढला आणि त्या हाताकडे बघितलं.

"एवढंच हललं होतं, मृणाल," ते म्हणाले.